एम्बार्गो उठायला अजून एक तास

नोव्हेंबरातला मंगळवार होता. सोसायटीच्या मेन्टेनन्सची पावती द्यायला मी दुसऱ्या मजल्यावर गेलो, तर तिथला मुलगा एका हाताने पिठलं-भात खात होता आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवरून त्याची नजर हलत नव्हती. रात्रीचे साडेनऊ वाजले. "काका, आला बघा व्हिडिओ!" म्हणून त्याने फोन माझ्यापुढे धरला. पाचच मिनिटांत त्याच फोनवर लंडनच्या कुठल्याशा एजन्सीचा ईमेल येऊन पडला आणि पोराचा घास हातातच राहिला. व्हिडिओ ताबडतोब खाली घ्या, असं त्यात होतं. एम्बार्गो उठायला अजून एक तास बाकी होता.

घोटाळा साधाच होता. एका नव्या गेमची प्रत त्याला बाजारात येण्याच्या आठवडाभर आधी फुकट मिळाली होती. अट, म्हणजेच एम्बार्गो, एवढीच, की ठरल्या दिवशी पॅसिफिक वेळेनुसार सकाळी नऊ वाजेपर्यंत त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. कॅलिफोर्नियातले सकाळचे नऊ म्हणजे डोंबिवलीतले रात्रीचे साडेनऊ, हे त्याला पाठ होतं; उन्हाळ्यात दोनदा तसंच करून झालं होतं. पण अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागं घेतात. त्या दिवसापासून तिथले नऊ म्हणजे आपले साडेदहा. लोकलच्या वेळापत्रकातला दोन मिनिटांचा बदल डोंबिवलीकराच्या अंगात भिनलेला असतो, पण एका जवळपास अख्ख्या देशाचं घड्याळ वर्षातून दोनदा सरकतं हे कुणाच्या ध्यानात येणार? त्याने माफी मागितली, व्हिडिओ लपवला आणि साडेदहाला पुन्हा सोडला. त्या कंपनीचा पुढचा गेम आला तेव्हा त्याला ईमेल आला नाही.

त्याचं यूट्यूब चॅनेल तसं लहान. दिवसा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरी, रात्री अकरानंतर रेकॉर्डिंग, कारण तोवर शेजारपाजारच्या कुकरच्या शिट्ट्या थांबतात. भिंतींवर आजीच्या गोधड्या टांगल्या आहेत, आवाज घुमू नये म्हणून. त्या रात्री त्याचं तोंड एवढंसं झालेलं पाहून मला प्रश्न पडला, की एका तासाला इतकी किंमत का? तो प्रश्न धरून मी या धंद्यात जरा डोकावलो, आणि माझी खात्री पटत गेली की सगळा धंदा त्या तासाचाच आहे.

गेम येतो त्या दिवशी लाखो लोक यूट्यूबवर त्याचं नाव शोधतात. कसा आहे, घ्यावा का, आपल्या कॉम्प्युटरवर चालेल का. ही लाट दोन-तीन दिवसांत ओसरते. ज्याने गेम दुकान उघडल्यावर विकत घेतला, वीस तास खेळला, मग एडिटिंगला बसला, तो चौथ्या दिवशी रांगेच्या शेपटाला उभा राहतो. ज्याला आठवडाभर आधी प्रत मिळाली त्याचा व्हिडिओ लाट येते तेव्हा तयार असतो. म्हणजे प्रकाशकाच्या पीआर विभागाकडे वाटायला सर्वांत महागडं काय असेल, तर ते ‘आधी’. गेमची प्रत त्यांना जवळपास फुकटातच पडते. ‘आधी’ मात्र मोजकंच असतं, आणि ते कुणाला द्यायचं हे तेच ठरवतात.

प्रत म्हणजे ‘की’. हा शब्द मराठीत फार गैरसोयीचा आहे. "की आली की सांग" असं तो मित्राला फोनवर म्हणतो तेव्हा त्याच्या आईला वाटतं, पोरगा तोतरा बोलायला लागला. कॉम्प्युटरवरच्या गेमचं सर्वांत मोठं दुकान स्टीम. तिथली की म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून पंधरा चिन्हं, पाच-पाचच्या तीन गटांत. ती खात्यात टाकली की गेम आपला. या कींसाठी स्टीम गेमवाल्याकडून वेगळे पैसे घेत नाही.

मी काही वर्षं एका साप्ताहिकात पुस्तकांची परीक्षणं लिहीत असे. प्रकाशक दोन प्रती पाठवायचे, पहिल्या पानावर ‘अभिप्रायार्थ’ असा जांभळा शिक्का. की म्हणजे तीच अभिप्रायार्थ प्रत. साम्य पुढेही टिकतं. ती शिक्केवाली पुस्तकं न उघडताच फुटपाथवर विकायला येत, हे जुन्या पुस्तकांच्या नादी लागलेल्या कुणालाही ठाऊक आहे. कींचंही तेच होतं. चॅनेल असल्याचं सोंग घेऊन की मागायची आणि भुरट्या बाजारात विकायची, हा जगभर चालणारा उद्योग आहे. प्रसिद्ध यूट्यूबरच्या ईमेल पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे करून पत्रं येतात. म्हणून शहाणा पीआरवाला आलेल्या पत्राला उत्तरच देत नाही; तो चॅनेलच्या माहितीच्या पानावर जाऊन तिथला पत्ता उचलतो आणि की तिकडे पाठवतो. कीमेलरसारख्या की वाटणाऱ्या सेवा तर व्हिडिओ बनवणाऱ्या निर्मात्याला आधी स्वतःचं यूट्यूब खातं जोडायला लावतात. २०२२ साली ‘ब्रॉक द इन्व्हेस्टिगेटर’ नावाच्या गेमच्या फ्रेंच निर्मात्याने एक नामी युक्ती केली. की मागणाऱ्या संशयित मंडळींना त्याने पूर्ण गेमऐवजी त्याच्या फुकट नमुन्याच्या की धाडल्या. विकण्याजोगं काहीच हाती लागलं नाही म्हणून चिडलेल्या काहींनी मग मूळ गेमला वाईट शेरे दिले, आणि चोर आपोआप उघडे पडले.

यादी कशी बनते हेही पाहण्याजोगं आहे. बाहेरच्यांना वाटतं सबस्क्रायबर मोजत असतील. ते मोजतात, पण शेवटी. एजन्सीच्या तक्त्यात चॅनेलच्या नावापुढे शेवटच्या दहा-पंधरा व्हिडिओंना सरासरी किती व्ह्यूज, लाइव्ह असेल तर एका वेळी किती जण बसून असतात, प्रेक्षक कुठल्या देशातले, ते मोबाइलवर खेळतात की कॉम्प्युटरवर, भाषा कोणती, असे रकाने असतात. पाच लाख सबस्क्रायबर आणि चार हजार व्ह्यूज असलेलं चॅनेल मेलेलं समजतात. आणि एक रकाना असतो जो कुणी उघडपणे सांगत नाही: माणूस वागायला कसा आहे. वेळ पाळतो का, ईमेलला उत्तर देतो का. आमच्या दुसऱ्या मजल्याचं नाव याच रकान्यात अडकलं असणार.

मोठ्या गेमच्या बाबतीत की देण्याआधी कागदावर सही घेतात. त्या गुप्ततेच्या कराराला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एनडीए’ म्हणतात. "मी एनडीएत आहे" असं आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर त्याच्याशी तासभर राजकारण बोलले होते. करारात काय दाखवायचं नाही याची यादी असते: अमुक प्रकरणापुढचं कथानक, शेवट, कधी कधी एखादं पात्र. गाण्यांचा प्रश्न वेगळाच. गेममध्ये घेतलेल्या गाण्यांचे हक्क गेमपुरते असतात. तीच व्हिडिओत वाजली की यूट्यूबचं यंत्र कमाई अडवतं. म्हणून ‘सायबरपंक २०७७’सारख्या गेममध्ये हक्काची गाणी बंद करायचं बटणच दिलेलं आहे.

त्याच ‘सायबरपंक’ने ‘आधी’चा गैरवापर कसा होतो तेही दाखवलं. डिसेंबर २०२० मध्ये गेम येण्याआधी परीक्षकांना फक्त कॉम्प्युटरची प्रत दिली गेली, आणि स्वतः खेळलेली दृश्यं दाखवायला बंदी होती. कंपनीने दिलेलीच वापरायची. जुन्या प्लेस्टेशनवर आणि एक्सबॉक्सवर गेम किती धडपडतो हे १० डिसेंबरला लोकांनी पैसे मोजल्यावर कळलं. आठवडा-दीड आठवड्यात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत दिले. इथे कुणाचं मत विकत घ्यायची गरजच पडली नव्हती. कुणाला काय आणि कधी दिसेल एवढं हातात ठेवलं की पुरलं.

दहा-बारा वर्षांपूर्वी हे सगळं इतकं शिस्तीत नव्हतं. व्हिडिओवाल्यांचं करायचं काय, हेच प्रकाशकांना उमगत नव्हतं. स्वीडनमधल्या एका छोट्या कंपनीचा ‘अॅम्नेशिया’ हा भीतीचा गेम २०१० मध्ये आला आणि तो खेळताना किंचाळणाऱ्या प्यूडीपायसारख्यांच्या व्हिडिओंनी तो जगभर नेला. जाहिरात न करता खप होतोय हे पाहून काही कंपन्या खूश झाल्या. निन्टेन्डोला मात्र आपल्या गेमवर दुसऱ्याने कमवावं हे पटेना. २०१३ मध्ये तिने अशा व्हिडिओंच्या जाहिरातींचं उत्पन्न आपल्याकडे वळवून घेतलं, २०१५ मध्ये उत्पन्न वाटून घ्यायची योजना आणली आणि २०१८ अखेरीस ती गुंडाळून, नियम पाळा आणि खुशाल कमवा, असं सांगून मोकळी झाली. ‘अमंग अस’ तर जून २०१८ पासून कोपऱ्यात पडून होता. २०२० च्या टाळेबंदीत लाइव्ह खेळणाऱ्यांनी तो उचलला आणि मग आपल्याकडे कल्याणच्या चाळीतली पोरंही एकमेकांवर संशय घ्यायला लागली.

मग पैसा आला, आणि पैशाबरोबर लपवाछपवी. २०१४ च्या ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’साठी वॉर्नर ब्रदर्सने एजन्सीमार्फत यूट्यूबरना शेकडो ते हजारो डॉलर दिले. व्हिडिओत गेमबद्दल चांगलंच बोलायचं, दोष दाखवायचे नाहीत, आणि पैसे घेतल्याची नोंद व्हिडिओखालच्या मजकुरात, जिथे ‘आणखी दाखवा’ दाबल्याशिवाय ती दिसतच नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये कंपनीला त्याबद्दल धरलं. दहा वर्षं होत आली तरी खोड मोडलेली नाही. मे २०२४ मध्ये ‘मार्व्हल रायव्हल्स’च्या चाचणीला निर्मात्यांना प्रवेश देताना करारात कलम होतं, की गेमची निंदा करायची नाही. एकाने ते कलम चव्हाट्यावर आणलं तेव्हा नेटईज कंपनीने माफी मागून शब्द बदलले. मला यात गंमत वाटते ती अशी, की ते कलम असूनही पुष्कळांनी सही केलेली होती. ‘आधी’ हवं असलं की माणूस कलमं वाचत नाही.

आपल्याकडचा नियम आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. मुंबईतल्या जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ‘आस्की’ने, १४ जून २०२१ पासून निर्मात्यांना जाहिरातीवर तसं लेबल लावायला सांगितलं. पुढे जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने मार्गदर्शिका काढली: पैसे तर सोडाच, फुकट वस्तू, प्रवास, हॉटेलचा मुक्काम, यांतलं काहीही मिळालं असेल तरी सांगायचं, आणि लाइव्ह असेल तर पूर्ण वेळ पडद्यावर दिसेल असं सांगायचं. दिशाभूल केल्यास ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. म्हणजे ती पंधरा चिन्हांची कीसुद्धा सांगावी लागते. आमचा मुलगा सांगतो. "प्रत कंपनीने दिली, पैसे नाही दिले," हे वाक्य तो पहिल्याच मिनिटात इतक्या भरभर म्हणतो की ते रेल्वेच्या घोषणेसारखं कानावरून जातं. पण म्हणतो.

आयकर खात्यालाही या भेटींचा वास लागला आहे. जुलै २०२२ पासून, वर्षभरात वीस हजारांहून जास्त किमतीच्या वस्तू धंद्याच्या निमित्ताने दिल्या तर देणाऱ्याने दहा टक्के कर कापायचा असा नियम झाला. मोबाइल व्हिडिओ करून परत दिला तर तो लाभ नाही; ठेवून घेतला तर लाभ. गेमिंगचा फोन परीक्षणाला येतो तेव्हा ‘परत पाठवायचा का’ हा प्रश्न म्हणूनच आता सगळ्यात आधी विचारतात.

एवढं सगळं झालं ते विकत घ्यायच्या गेमचं. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या लोकलच्या डब्यात मान खाली घालून बसलेली पोरं खेळतात तो गेम फुकट असतो, मोबाइलवर. तिथे की नाही, दुकान उघडण्याची रात्र नाही. मग पीआरवाला वाटतो काय? तिथेही ‘आधी’च वाटतो, फक्त रूप निराळं. फ्री फायर या गेमच्या पुढच्या आवृत्तीचा चाचणी सर्व्हर मोजक्यांना उघडून द्यायचा, म्हणजे नव्या बंदुका आणि कपडे ते इतरांच्या अगोदर दाखवतील. भागीदार निर्मात्याच्या खेळातल्या नावाशेजारी ‘व्ही’चं चिन्ह लावायचं, त्या एका अक्षरासाठी पोरांनी वर्षं घातली आहेत. प्रेक्षकांना वाटायला कोड द्यायचे, डायमंड, म्हणजे खेळातलं चलन, द्यायचे. कंपनी मोजते ते व्ह्यूज नव्हेत. निर्मात्याच्या लिंकवरून किती जणांनी गेम उतरवला आणि आठवड्यानंतर त्यातले किती अजून खेळतायत, हा तिचा हिशेब. त्यामुळे इथे पीआर आणि जाहिरात यांच्यातली भिंत भारतीय घरांतल्या भिंतीसारखीच आहे. पलीकडचं सगळं ऐकू येतं.

या भिंतीच्या अलीकडे काही मराठी मुलं मोठी झाली. ‘डायनॅमो’ या नावाने ओळखला जाणारा मुंबईचा आदी सावंत पबजी खेळता खेळता देशभर पोचला. "पट से हेडशॉट" हा त्याचा शब्द शाळेच्या मैदानांवर ऐकू यायचा. मग २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली. २ जुलै २०२१ ला तोच गेम क्राफ्टॉन कंपनीने भारतापुरता ‘बीजीएमआय’ म्हणून आणला, जुलै २०२२ मध्ये तोही दुकानांतून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ च्या बंदीत सापडला. ज्यांचं सगळं चॅनेल एका गेमवर उभं होतं त्यांच्या पायाखालची जमीन एका संध्याकाळी सरकली. अशा वेळी कंपनीच्या पीआर विभागाचं खरं काम दिसतं: सरकारशी बोलणी चालू असताना अधिकृतपणे काहीच बोलता येत नाही, आणि प्रेक्षक तर रोज विचारतायत. बीजीएमआय येण्याआधीचे ते दिवस आठवून बघा. तारखेबद्दलची कोडी, सूचक ट्वीट, अर्धवट इशारे, हे सगळं लोकप्रिय खेळाडूंच्या खात्यांवरून वाहत होतं. बाजार तापता राहिला आणि कंपनी मात्र गप्प होती असं म्हणता आलं.

महाराष्ट्रात गेम बनतातही, हे पुष्कळांना माहीत नसतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या चमूचा ‘राजी’ २०१७ मध्ये लोकवर्गणीच्या मोहिमेत पैसे न जमल्याने अडला होता. तो १८ ऑगस्ट २०२० ला निन्टेन्डोच्या ऑनलाइन कार्यक्रमात दाखवला गेला आणि त्याच दिवशी निन्टेन्डोच्या स्विचवर विक्रीला आला. दाखवला आणि दिला, मधे वाट पाहायला लावलं नाही. त्यामुळे तो कार्यक्रम पाहून व्हिडिओ करणाऱ्याला सांगायला लगेच काहीतरी होतं. वर्षअखेरीस ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. छोट्या चमूला ‘आधी’ वाटणं परवडत नाही. त्यांनी मोठ्या घरच्या लग्नात आपलं केळवण उरकून घेतलं.

उलट गोष्टही पुण्याचीच. युबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंनी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ हा २००३ चा गाजलेला गेम नव्याने करायला घेतला. भारतात बनणाऱ्या एवढ्या मोठ्या नावाचं आपल्याला कौतुक होतं. १० सप्टेंबर २०२० ला पहिली झलक आली. त्या रात्री, उजाडेपर्यंत, जगभरच्या निर्मात्यांनी जुना गेम आणि नवी झलक शेजारी-शेजारी ठेवून, चौकट थांबवून थांबवून, चेहऱ्यांची चिरफाड केली होती. अशा तुलनेच्या व्हिडिओला कुणाची की लागत नाही, परवानगी लागत नाही. जी झलक सर्वांना एकाच वेळी मिळते तिथे ‘आधी’ कुणाकडेच नसतं आणि पीआर विभागाच्या हातात काही उरत नाही. गेम जानेवारी २०२१ मध्ये यायचा होता; तो मार्चवर गेला, मग अनिश्चित काळासाठी, आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. व्हिडिओंमुळे हे झालं असं म्हणणं अति होईल. पण पहिल्या रात्री जे ठसलं ते पुसलं गेलं नाही.

पुण्याच्याच सुपरगेमिंगने ‘इंडस’च्या वेळी निराळी वाट धरली. १६ ऑक्टोबर २०२४ ला गेम आला, पण त्याच्या पुष्कळ आधीपासून खेळाडूंना आणि चॅनेलवाल्यांना बोलावून अर्धाकच्चा गेम खेळायला दिला जात होता. कच्चं दाखवण्यात धोका असतो. चुका जाहीर होतात. फायदा हा, की ज्याने चूक दाखवली आणि ती पुढच्या खेपेला दुरुस्त झालेली पाहिली, तो माणूस गेमचा अर्धा नातेवाईक होतो. मला तीन उदाहरणांतलं हे सर्वांत मराठी वाटतं. नाटकाच्या तालमीला चार जाणत्यांना बसवावं, त्यांची बोलणी खावीत, मग गडकरी रंगायतनला शुभारंभाचा प्रयोग लावावा.

भाषेचा रकाना राहिला. आमचा मुलगा घरात मराठी बोलतो, मित्रांशी मराठीत भांडतो आणि माईकपुढे बसला की हिंदी सुरू करतो. याचा दोष त्याला देता येत नाही. एजन्सीच्या दृष्टीने मराठी प्रेक्षक हिंदी चॅनेलवर सापडतोच, मग मराठीसाठी वेगळी की कशाला? तमिळ, तेलुगू प्रेक्षक तसा सापडत नाही, म्हणून त्या भाषांच्या निर्मात्यांना यादीत स्वतंत्र जागा मिळते. आपल्या पट्ट्यातली मोठी नावं पाहा: ठाण्याची प्राजक्ता कोळी, उल्हासनगरचा आशीष चंचलानी, दोघांचीही दुकानं हिंदीत उभी राहिली. गेमिंगमध्ये मिथिलेश पाटणकर, म्हणजे ‘मिथपॅट’, जो २०२४ मध्ये पंतप्रधानांनी भेटायला बोलावलेल्या सात गेमरांपैकी एक होता, तोही हिंदीत. विनोदात ‘भाडिपा’ने २०१६ पासून मराठीत चॅनेल चालू शकतं हे दाखवलं, पण विनोदाला कुणाची की लागत नाही.

पैसा हवा असलेल्या लहान चॅनेलांना मध्यंतरी एक सोपं दार उघडं होतं: रमी आणि फॅन्टसी खेळांच्या जाहिराती. आमच्या मुलालाही आली होती, एका वर्षाच्या व्ह्यूजमधून मिळाले नसते इतके पैसे घेऊन. त्याने चार दिवस विचार केला आणि आईला विचारलं. आईने फक्त एवढंच विचारलं, "तुझे मामा बघतात ना रे तुझे व्हिडिओ?" मामा सट्ट्यात एकदा हात पोळून बसलेले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि ते दार सगळ्यांसाठीच बंद झालं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने मान्यता दिली. त्यामुळे साध्या गेमच्या प्रकाशकाकडून येणारा ईमेल आता आणखी मोलाचा झाला आहे, आणि त्या ईमेलची वाट पाहणाऱ्यांची रांगही लांबली आहे.

रांगेत नसण्याचा एक फायदा मात्र मला त्याच्याच चॅनेलवर दिसला. ईमेल येईनासा झाल्यावर त्याने जुने गेम उचलले. पाच-सात वर्षांपूर्वीचे, सेलमध्ये दीड-दोनशे रुपयांना मिळणारे, साध्या लॅपटॉपवर चालणारे. यात वेळेचं बंधन नाही, कुणाची भीड नाही. गेम रटाळ असेल तर तो रटाळ आहे म्हणतो. व्ह्यूज हळू येतात, पण येत राहतात. खाली प्रतिक्रिया येतात त्या बदलापूर, टिटवाळ्यापासून, माझ्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही, चालेल का दादा, अशा. तो प्रत्येकाला उत्तर देतो. तरी नव्या गेमची हुरहूर गेलेली नाही, आणि ती जावी असं मलाही वाटत नाही; दिवाळी अंक छपाईला जाण्याआधी वाचायला मिळाला तर मी नको म्हणेन का?

गेल्या महिन्यात त्याला पुन्हा एक की आली, दुसऱ्याच एका प्रकाशकाकडून. या खेपेला चूक नको म्हणून त्याने स्टेशनजवळून एक भिंतीवरचं घड्याळ आणलं, पॅसिफिक वेळेला लावलं आणि गोधडीच्या वर टांगलं. व्हिडिओच्या आदल्या रात्री बघतो तर त्यात आणि घरातल्या घड्याळात एकच वेळ. आईने सेल गेला असेल म्हणून नवा घालून ते बरोबर लावून ठेवलं होतं.